फ्लॅटमध्ये ढेकूण निघाले, तर खर्च कुणाचा?

पुण्याच्या कर्वेनगरात कमिन्स कॉलेजच्या आसपास फ्लॅट घेणाऱ्या मुलींच्या हाती बहुधा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ पेस्ट कंट्रोलचं नावही घेत नाही. मात्र करारात वेगळं ठरलं नसेल, तर कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. वाळवीने पोखरलेली चौकट यात बसावी, ढेकणांवरून वाद होईल. शिवाय हे संरक्षण भाडेकरूला आहे. लायसन्सवर राहणाऱ्याचा खरा आधार करारच, त्यामुळे परस्पर भाडं कापू नका. पेस्ट कंट्रोल कुणी करायचं, ते सहीआधी लिहून घ्या. ताबा घेतानाच गादीच्या शिवणीतले काळे ठिपके, पलंगाचे सांधे, सिंकखालचं कपाट यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे (कलम ५५). त्याने तो नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं.