मालवणला नेण्याजोगा मोबाइल

दिवाळीची सुटी लागली की तुमच्यापैकी पुष्कळजण मालवणची वाट धरतात. कुणाचे आजोळ तिकडे असते, कुणाच्या शाळेची सहल जाते. घरात नवा फोन यायचा असला तर तोही बहुधा याच सुमारास येतो. मग सगळी मंडळी दुकानात जाऊन कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि मेमरी किती जीबीची, एवढे दोनच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे खोक्यावरच छापलेली असतात, म्हणून त्यांच्यावर आपण येथे शब्द खर्चणार नाही. किनाऱ्यावर, घाटात आणि होडीत ज्यांची गरज पडते ते फोनचे भाग वेगळेच आहेत. दहा-पंधरा हजारांच्या फोनातही ते मिळू शकतात. मात्र किंमत उतरवण्यासाठी काही फोनांतून नेमके तेच वगळलेले असतात, आणि ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

प्रथम एक हिशेब करू. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे समुद्रावर नजर क्षितिजापर्यंतच पोचते. उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्याला ३.६ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. समजा, किनाऱ्यावरील एका मोबाइल टॉवरचे टोक समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंच आहे. ३६ चे वर्गमूळ ६, म्हणजे त्याचे क्षितिज सुमारे २१.६ किलोमीटरवर. होडीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला फोन पाण्यापासून सव्वादोन मीटर उंच असेल, तर त्याचे क्षितिज ५.४ किलोमीटरवर. दोन्ही मिळून २७ किलोमीटर. त्यापलीकडे टॉवर पृथ्वीच्या पाठीआड जातो. प्रत्यक्षात संपर्क याच्या खूप आधी तुटतो. टॉवरवरचे अँटेना वस्तीकडे वळवलेले आणि किंचित खाली कललेले असतात. शिवाय फोनला नुसते ऐकून भागत नाही, टॉवरला उत्तरही द्यावे लागते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ जेमतेम पाव वॅट शक्ती असते.

कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्याच्या इतका जवळ आहे की तेथे ही अडचण येत नाही. पण मासेमारीसाठी दूर जाणाऱ्या नौकांचा प्रश्न जिवाचा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस अरबी समुद्रात 'ओखी' चक्रीवादळ आले, तेव्हा खोल समुद्रात असलेल्या अनेक नौकांपर्यंत इशारा पोचलाच नाही. त्या वादळात भरकटलेल्या केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ नौका ९५२ मच्छिमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. पुष्कळजण मात्र परतले नाहीत.

म्हणून फोन पारखताना पहिला प्रश्न असा विचारा : टॉवर नाहीसा झाल्यावर या फोनातले काय काय चालू राहील?

पहिले उत्तर म्हणजे उपग्रहांचे संदेश ऐकणारा रिसीव्हर. नकाशावरचा निळा ठिपका इंटरनेटमुळे दिसतो असा अनेकांचा समज असतो. तो खरा नव्हे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि 'मी अमुक ठिकाणी आहे, आता इतके वाजले' असा संदेश अखंड पाठवीत असतात. रेडिओलहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर जातात, म्हणून हा संदेश आपल्यापर्यंत यायला सुमारे ०.०७ सेकंद लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. तीन अंतरांवरून जागा ठरते. पण उपग्रहात अणुघड्याळ आणि फोनात साधे क्वार्ट्झचे घड्याळ, त्यामुळे आपल्या घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. ही चूक किती महाग पडते पाहा : सेकंदाच्या दशलक्षांश भागाची गफलत झाली तर जागा ३०० मीटरने हुकते. या सगळ्यात फोन काहीच पाठवीत नाही, फक्त ऐकतो. ऐकायलाही किती सूक्ष्म! हातात येणारा संकेत एका वॅटचे एकावर सोळा शून्ये इतके भाग करून त्यातला एक भाग घ्यावा, एवढा क्षीण असतो. सिमकार्ड काढून टाकले, विमान-अवस्था चालू केली, तरी हे काम चालूच राहते.

मग इंटरनेटचा उपयोग काय? दोन. एक म्हणजे नकाशाचे चित्र, आणि ते निघण्यापूर्वी उतरवून ठेवता येते. दुसरा म्हणजे घाई. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गोगलगायीच्या वेगाने सांगतो. ती पुरती ऐकायला किमान अर्धा मिनिट लागतो, आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा थांबावे लागते. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात आणतो. म्हणून जेट्टीवर नेटवर्क आहे तोवरच स्थानदर्शन चालू करून घ्यावे. भर समुद्रात पहिल्यांदा चालू केले तर वाट पाहावी लागेल, एवढेच.

आता दुकानात काय पाहायचे? फोनच्या तपशिलात 'एल-५' किंवा 'ड्युअल बँड' असे शब्द आहेत का ते पाहा. जीपीएसचा जुना संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो, त्याला एल-१ म्हणतात, नवा ११७६.४५ वर, तो एल-५. वातावरणाच्या वरच्या आयनांबरातून येताना लहरींना विलंब होतो. हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे एल-५ ला एल-१ च्या सुमारे १.८ पट. दोन्ही संकेत ऐकणारा फोन त्यांतल्या फरकावरून विलंब मोजून वजा करू शकतो. आपल्या देशात याला विशेष अर्थ आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्या आसपासचे आयनांबर मोठे लहरी असते. एका संकेतावर चालणारा साधा फोनही मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. माडांच्या दाट बनात किंवा किल्ल्याच्या तटाशी परावर्तित संकेतांनी त्याचा गोंधळ उडतो. तेथे एल-५ चा फायदा दिसतो.

तपशिलात 'नाविक' हे नावही शोधा. ही आपल्या इस्रोची व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. तिचे उपग्रह ३६,००० किलोमीटरच्या आसपास उंचीवर असल्याने मालवणच्या आकाशात ते चांगले उंचावर असतात. २०२० च्या आरंभी स्वस्त फोनांच्या चिपांतही नाविकची सोय आली. नाविकचा एक मूळ संकेत एल-५ च्याच वारंवारतेवर असल्यामुळे नाविक ऐकणारा फोन बहुधा जीपीएसचा एल-५ ही ऐकतो. तरी खात्री करून घ्यावी. केवळ नाविकच्या भरवशावर मात्र राहू नये. तिच्या अनेक उपग्रहांतील अणुघड्याळे बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. चांगला फोन जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू आणि नाविक अशा सगळ्यांचे उपग्रह एकत्र वापरतो.

जागा कळली तरी तोंड कोणीकडे आहे ते कळत नाही. त्यासाठी होकायंत्र लागते, आणि अगदी स्वस्त फोनांतून पहिली कात्री लागते ती यालाच. फोनच्या होकायंत्रात सुई नसते. एकमेकांशी काटकोनात बसवलेले तीन सूक्ष्म संवेदक पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजतात. कोकणात ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. इतक्या दुबळ्या क्षेत्राला विजेच्या तारांचीही बाधा होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली आणि १९०४ पासून तेथे वेध घेतले जाऊ लागले. तेव्हा चुंबकाचे बटण असलेले झाकण फोनला लावले तर त्याचे होकायंत्र वेडे होणारच! दुकानातली परीक्षा सोपी आहे. नकाशा उघडा, जागीच उभे राहा आणि स्वतःभोवती फिरा. तुमच्याबरोबर बाणही फिरला तर होकायंत्र आहे. चालू लागल्यावरच बाण वळत असेल तर ते नाही. बाण अडखळला तर फोन हवेत इंग्रजी आठच्या (मराठी चारच्या म्हटले तरी चालेल) आकड्यासारखा फिरवून पुन्हा पाहा. समुद्रात धुके किंवा पावसाची सर आली आणि किनारा दिसेनासा झाला, की मनोरंजनाच्या साऱ्या सोयींपेक्षा हा बाण मोलाचा ठरतो.

हवेचा दाब मोजणारा संवेदक स्वस्त फोनात क्वचितच असतो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पण असलाच तर गंमत पाहा. समुद्रकिनाऱ्याजवळ साडेआठ मीटर वर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे मालवणहून आंबोलीला जाताना तो सत्तर-ऐंशीने कमी झालेला दिसेल.

आता दुपारच्या उन्हात तारकर्लीच्या वाळूवर उभे राहून फोनकडे पाहा. काहीच दिसत नाही ना? पडद्याची काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. उन्हाने लखलखणारी वाळू किंवा ढग दहा हजार निट तेजाचे असले, तर त्यांचे काचेतले प्रतिबिंब ४०० निटचे होते. पडदाही ४०० निटचाच असेल तर चित्र आणि प्रतिबिंब तुल्यबळ होऊन अक्षरे बुडतात. म्हणून ८०० किंवा अधिक निटचा पडदा पाहावा, आणि दुकानदाराच्या परवानगीने फोन दाराबाहेर उन्हात नेऊन पाहावा. वाळूविषयी आणखी एक : तिच्यातल्या गारेचे कण काचेपेक्षा कठीण असतात. काचेवर संरक्षक पापुद्रा हवाच.

बॅटरीचा आकडा ५,००० मिलिअँपिअर-तास असला तर ती सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा साठवते. पण ती कशी संपते हे जाणणे अधिक महत्त्वाचे. संकेत क्षीण झाला की फोन टॉवरचा शोध घेत जोर लावून ओरडू लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. घाटात आणि दूर समुद्रात म्हणूनच विमान-अवस्था वापरावी. उपग्रहांचे ऐकणे चालूच असते, हे आपण पाहिलेच.

एक जुनी सोय मुद्दाम मागून घ्या : एफएम रेडिओ आणि इयरफोनची गोल खाच. आश्चर्य म्हणजे महाग फोनांतून ती गेली, स्वस्तांत अजून आढळते. एफएमच्या लहरींची लांबी तीन मीटरच्या आसपास असते आणि इयरफोनची तार त्यांच्यासाठी अँटेनाचे काम करते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाने सिंधुदुर्गात झाडे आणि विजेचे खांब पाडले, तेव्हा वीज आणि मोबाइल यांची सेवा ठिकठिकाणी कोलमडली. अशा वेळी दूरचे आकाशवाणी केंद्र ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे.

राहिले पाणी. खोक्यावर 'आयपी ६७' असे लिहिले असेल तर पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपी ५४ असेल तर फक्त शिंतोडे सोसतील. पण ही परीक्षा गोड्या पाण्यात घेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते नळाच्या पाण्यापेक्षा शेकडो पटीने अधिक वीजवाहक असते. चार्जिंगच्या खाचेत खारा थेंब असताना तार जोडली तर तेथे विद्युत् अपघटन सुरू होते आणि धातूचे संपर्क खाल्ले जातात. हा प्रयोग तुम्ही प्रयोगशाळेत केला असेल. खिशातल्या फोनवर करू नका. खारे पाणी लागलेला सीलबंद फोन बंद करून गोड्या पाण्याने हलकेच धुवावा, सावलीत पुरता वाळवावा, मगच चार्जिंगला लावावा. आयपीचा आकडा कोणताही असो, होडीत फोन पारदर्शक जलरोधक पिशवीत घालून गळ्यात अडकवावा. समुद्रात पडलेला फोन तरंगत नाही!

मच्छिमारांच्या अडचणीवर ऑक्टोबर २०१९ मध्ये एक तोड पुढे आली. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्रविज्ञान संस्थेने आणि विमानतळ प्राधिकरणाने 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र काढले. विमानांसाठी उभारलेल्या 'गगन' व्यवस्थेच्या उपग्रहामार्फत ते वादळाचे इशारे टॉवरच्या पलीकडे ऐकते आणि ब्लूटूथने फोनच्या पडद्यावर दाखवते. ब्लूटूथ तर सगळ्यात स्वस्त फोनातही असते.

होडीत बसण्यापूर्वी तटरक्षक दलाचा १५५४ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक साठवून ठेवा, आणि आपली जागा अंक सांगून कळवण्याचा सराव करा. अक्षांशातला एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. मालवण सुमारे १६ अंश ३ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश २८ मिनिटे पूर्व येथे आहे. तुमचा फोन याच्या जवळपासचे आकडे दाखवतो का, ते जेट्टीवरच, विमान-अवस्था चालू करून, पाहून घ्या.