वेताळाची किंमत कोण ठरवते?

जुने वर्तमानपत्र आणि जुने कॉमिक यांत रद्दीवाला भेद करीत नाही. दोन्ही एकाच तराजूत पडतात आणि दोन्हींना किलोचा एकच भाव मिळतो. घर बदलताना, रंगकाम काढताना किंवा वाडा पाडून अपार्टमेंट उभारताना माळ्यावरची ट्रंक उघडली जाते आणि त्यातील चित्रकथा तासाभरात हातगाडीवर जातात. सोलापुरात असा एखादा गठ्ठा आजही निघत असेल, तर तो विकण्यापूर्वी थोडे थांबावे. कारण याच अंकांसाठी आता देशभरातले संग्राहक इंटरनेटवर बोली लावतात. त्यात एखादा अंक शंभर रुपयांनाही जात नाही आणि त्याच्याच शेजारच्या अंकासाठी हजारो रुपये मोजले जातात. हा फरक वयाचा नाही, केवळ दुर्मिळतेचाही नाही. तो नेमका कशाचा आहे, हे समजून घेणे विकणाऱ्याइतकेच घेणाऱ्याच्याही हिताचे आहे.

भारतीय संग्राहकांच्या जगात मध्यवर्ती स्थान आहे ते 'इंद्रजाल कॉमिक्स'ला. टाइम्स ऑफ इंडिया चालविणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिले बत्तीस अंक ली फॉक यांच्या फँटमचे, म्हणजे मराठी वाचकांच्या वेताळाचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा अस्सल भारतीय नायक अवतरला. १९९० मध्ये मालिका बंद पडली तेव्हा ८०३ अंक निघाले होते. मूळ कथेतील 'बेंगाली' हा देश आपल्याकडे 'डेंकाली' झाला आणि 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत म्हणून केलेले हे बदल आज संग्राहकांच्या कौतुकाचा विषय आहेत. इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघत, आणि सोलापूरच्या दोन पिढ्यांनी ते रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवरून विकत किंवा गल्लीतल्या वाचनालयातून भाड्याने आणून वाचले.

आता पहिले कोडे. जुन्या बाजारात इंग्रजी आणि हिंदी आवृत्तींच्या मानाने मराठी इंद्रजाल क्वचितच दृष्टीस पडते. दुर्मिळ ते महाग या न्यायाने मराठी अंकाला सर्वांत जास्त भाव यायला हवा. प्रत्यक्षात बोलीची चुरस बहुधा इंग्रजी अंकांवर दिसते. याचे कारण आपल्याला सोलापुरात शोधायला फार लांब जावे लागत नाही. श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव ज्याने एकदा पाहिला आहे त्याला ते ठाऊक असते. ढिगाभोवती पंधरा व्यापारी जमले तर भाव चढतो आणि दोघेच उभे राहिले तर उत्तम कांदाही पडेल भावाने जातो. लिलावात वस्तूची किंमत वस्तू ठरवीत नाही, तिच्याभोवती उभी असलेली माणसे ठरवितात. आणखी नेमके सांगायचे तर ती ठरवितो दुसऱ्या क्रमांकाचा उत्सुक माणूस. पहिल्याची कितीही तयारी असो, दुसरा जिथे थांबतो त्याच्या एक पायरी वर सौदा तुटतो. इंग्रजी वेताळासाठी बंगळूर, कोलकाता, चेन्नईपासून परदेशापर्यंतचे गिऱ्हाईक उभे असते. मराठी वेताळासाठी मराठी माणूसच उभा राहायला हवा आणि तो फारसा उभा राहत नाही.

अर्थात कांदा आणि कॉमिक यांच्या लिलावात एक महत्त्वाचा फरक आहे. कांदा सडतो, म्हणून विकणारा घाईत असतो. कॉमिक थांबू शकते. त्यामुळे जाणता विक्रेता राखीव किंमत ठेवतो आणि तितकी बोली न आल्यास वस्तू मागे घेतो. ही सोय बळीराजाला कधीच मिळाली नाही, पण तो वेगळा विषय.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ मध्ये दहा सेंटना मिळत होता. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात साठ लाख डॉलरना विकली गेली. आज त्याच्या शंभरेक प्रतीच उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. तिथे आपल्यासारखा दारोदार फिरणारा रद्दीवाला नव्हता, पण दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी आपली कॉमिक्स देशकार्याला दिली. म्हणजे नाश झाला म्हणून मोल आले. याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला तेव्हा लोकांनी तो 'पुढे सोने होईल' म्हणून प्लॅस्टिकच्या वेष्टनासह, न उघडता जपून ठेवला. लाखो प्रती जपल्या गेल्या, आणि म्हणूनच तो आजही किरकोळ किमतीला मिळतो. गुंतवणूक म्हणून नवी कॉमिक्स साठविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे हा धडा 'अमर चित्र कथे'ला लागू पडतो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे सुरू केलेली ही मालिका घरोघरी आहे आणि तिचे पुनर्मुद्रण सतत होत आले. त्यामुळे घरात 'शिवाजी' किंवा 'कृष्ण' सापडला म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. प्रश्न असतो तो प्रथम मुद्रणाचा. या मालिकेचे पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकराव्या क्रमांकाने, राम वाईरकरांनी चितारलेल्या 'कृष्णा'ने, भारतीय कथा सुरू झाल्या. पुढे ते दहा अंक मालिकेतून गळले. मुद्रण जुने की नवे हे ओळखायचे तर छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि मागील पानावरची उपलब्ध अंकांची यादी पाहावी. यादीत जर पुढच्या काळातील शीर्षके असतील तर हातातील प्रत नंतरची, हे उघड आहे.

सोलापूरकरांना एक लाभ मात्र इतर शहरांहून अधिक आहे. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांचे 'चंदामामा' जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये निघाले, पुढे कन्नडमध्ये आले आणि १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' झाले. चांदोबा हे काटेकोर अर्थाने कॉमिक नव्हे, सचित्र मासिक; पण विक्रम-वेताळाचे चित्र आठवत नाही असा त्या पिढीतला वाचक विरळा. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरांत तेलुगू चंदामामा आणि गावठाणातील वाड्यांत मराठी चांदोबा निघण्याची शक्यता एकाच शहरात असणे ही संग्राहकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. चित्रे तीच, भाषा निराळी. पुण्या-मुंबईचा संग्राहक ज्या जोड्या जुळविण्यासाठी हैदराबादपर्यंत जातो, त्या येथे एका रद्दीच्या दुकानात जुळू शकतात.

बोली प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने घेतले आणि घरबसल्या लिलावाची सवय भारतीयांना त्यातून लागली. ते भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. आता हा व्यवहार प्रामुख्याने फेसबुक व व्हॉट्सॲपवरील संग्राहकांच्या गटांत चालतो. परदेशी अंकांसाठी ईबेचे आंतरराष्ट्रीय संकेतस्थळ व तिकडची लिलावगृहे आहेत. ईबेवर आपण आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवितो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढविते. समजा, आपली मर्यादा दोन हजारांची, प्रतिस्पर्ध्याची चौदाशेची आणि पायरी पन्नासची आहे. तर आपल्याला अंक साडेचौदाशेला मिळतो. येथे धूर्तपणाला फारसा वाव नाही. स्वतःला वाटणारे खरे मोल एकदाच लिहून मोकळे व्हावे, हेच शहाणपणाचे ठरते. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच हे तर्काने सिद्ध केले होते. त्यासाठी १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत ते निवर्तले.

फेसबुकवरील लिलाव मात्र उघडा असतो. शेवटच्या मिनिटाला बोली टाकून अंक पळविण्याची युक्ती तेथे सर्रास चालते. म्हणून चांगले गट नियम करतात, की अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली तर मुदत तितकीच पुढे सरकेल. बोली लावण्यापूर्वी हा नियम आहे का, टपालखर्च कोणाचा आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास परत घेणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. विक्रेत्याच्याच मित्राने खोटी बोली चढवीत नेण्याचा प्रकारही जुनाच आहे. तेच नाव त्याच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात दुसरे येत असेल तर सावध व्हावे.

मोठ्या लिलावगृहांत हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नसते. तिच्यावर खरेदीदाराकडून दलाली घेतली जाते आणि ती अनेक ठिकाणी शेकडा वीसच्या आसपास असते. दहा हजारांवर थांबलेला अंक बारा हजारांना पडतो, शिवाय टपाल आणि सीमाशुल्क वेगळे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकण्यात आली, त्याचाच हा प्रकार. म्हणून आपली मर्यादा ठरविताना हे सारे आधी वजा करावे. लिलावाच्या भरात वजाबाकी सुचत नाही.

एवढे करून किंमत शेवटी अडते ती स्थितीवर. अमेरिकेत २००० मध्ये स्थापन झालेली सीजीसी ही संस्था कॉमिकला ०.५ ते १० अशी श्रेणी देऊन ते पारदर्शक पेटीत बंद करते. साठ लाखांच्या त्या प्रतीची श्रेणी ८.५ होती. आपल्याकडील बहुतेक व्यवहार छायाचित्रांवर आणि विश्वासावर चालतात. तेव्हा छायाचित्रे मागताना मुखपृष्ठापेक्षा मधल्या जोडपानाचे आधी मागावे. पिना गंजल्या की ते पान सर्वप्रथम सुटते, आणि अनेक अंकांत ते नसतेच. त्यानंतर पाठीचा कणा, वाचनालयाचे शिक्के आणि पिवळी पडलेली चिकटपट्टी पाहावी. कोडे पेनाने सोडविलेले असणे हा दोषच, मात्र माझ्यासारख्याला तो थोडा गोडही वाटतो. मराठी घरांत दहा-बारा अंक एकत्र बांधून घेण्याची पद्धत होती. बांधणीवाला कडा कापतो, त्यामुळे अशा खंडांना लिलावात भाव कमी. पण मराठी आवृत्तीचे अंक आज अखंड दिसतात ते बऱ्याचदा या खंडांतच. भावासाठी बांधणी उसवून अंक सुटे करणाऱ्यांनी दोन्ही घालवले, असे माझे मत आहे.

बनावटही आहे. रंगीत झेरॉक्सचे मुखपृष्ठ जुन्या आतल्या पानांना लावलेले असते. भिंगाखाली जुन्या छपाईचे ठिपके सुबक ओळीत दिसतात, झेरॉक्समध्ये ते विस्कटलेले असतात. इंद्रजालपुरती एक सोपी परीक्षा आहे. टाइम्समधील संपामुळे १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. कोणी ते देऊ केले तर बोलणे तिथेच थांबवावे. पुढे १९८० च्या दशकात सलग क्रमांक सोडून वर्ष आणि अंक अशी मोजणी सुरू झाली, त्यामुळे यादी जुळविताना नवख्यांचा गोंधळ होतो.

जतनाच्या बाबतीत सोलापूरची हवा मित्रही आहे आणि शत्रूही. कोकणात बुरशीने जे होते ते येथे कमी. परंतु हे अंक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेले. त्यातील आम्ल उष्णतेने जोर धरते आणि पान तपकिरी होऊन दुमडताच तुटते. पत्र्याच्या छताखालची पत्र्याची पेटी ही चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात भट्टीच. अंक आतल्या खोलीतील लाकडी किंवा लोखंडी कपाटात, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीला न टेकता, पॉलिएस्टरच्या पिशवीत आम्लरहित पुठ्ठ्यासह आडवे ठेवावेत. वाळवी आणि कसर यांसाठी दर दोन महिन्यांनी कपाट रिकामे करून पाहण्याला पर्याय नाही.

'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झाले आणि बालभारतीने त्याचे जुने अंक संगणकीकृत करून सर्वांना खुले केले. मराठी वेताळाला असा पालक लाभलेला नाही. हक्क प्रकाशकांकडे असल्याने कोणी हौशीने अंक स्कॅन करून वाटणेही कायद्यात बसत नाही. आपल्या मालकीची प्रत विकणे वा देणे मात्र बसते. त्यामुळे हे अंक टिकतात ते केवळ कोणाच्या तरी कपाटात. घरी गठ्ठा असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक अंकाचा क्रमांक, भाषा, महिना व वर्ष वहीत उतरवावे, मुखपृष्ठ आणि मधल्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि ती यादी एखाद्या संग्राहक गटावर टाकावी. विकायचेच झाले तर मराठी अंक सुटे न देता संचाने द्यावेत, आणि पावसाळ्यात टपालाने पाठविणार असाल तर पाकिटाच्या आत प्लॅस्टिकची एक पिशवी अधिक घालावी.