जुनी गाडी रिस्टोअर करून विकायची आहे? आधी रनिंग बोर्डला लोहचुंबक लावा



साइड बिझनेसच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत परत परत येतोय. एक नमुना सांगतो. चाकणला नोकरी, हातात साडेतीन लाख जमलेले, गावाकडे एकाच्या गोठ्याशेजारी जुनी कॉन्टेसा सडत पडलीय आणि मालक लाखभराला द्यायला तयार आहे. "सर, रिस्टोअर करून विकली तर किती सुटतील?"

सरळ उत्तर देतो. छंद म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, फार मजेचं काम आहे. विकून कमवायला घेत असाल तर हा लेख पूर्ण वाचेपर्यंत टोकन देऊ नका.

कॉन्टेसाचं नाव निघालं की लोक तिला 'आपली मसल कार' म्हणतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं व्ही-८ इंजिन घालून मसल कार बनायच्या. आपली कॉन्टेसा हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये आणली. बॉडीचं मूळ डिझाइन ब्रिटिश व्हॉक्सहॉलचं. बॉनेट लांब, तोंड रुबाबदार, पण सुरुवातीला आत अँबेसेडरचंच १५०० सीसीचं, साधारण ५० हॉर्सपॉवरचं इंजिन. म्हणजे अंगात शर्ट पहिलवानाचा आणि आत आमच्यासारखा दुकानदार! पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा गाडी खरी पळायला लागली. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं.

इंजिनाची भीती कोणी घालत असेल तर फार घाबरू नका. तेच इसुझू इंजिन अँबेसेडर १८०० मध्येही होतं आणि अँबेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनाचे पार्ट शोधले तर सापडतात आणि ते खोलणारे हातही अजून आहेत. तुमचा खिसा कापतो तो पत्रा.

गंज म्हणजे नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो, आणि मीठ असेल तर तो पळत सुटतो. म्हणून अलिबाग-रत्नागिरीकडे वाढलेली गाडी आणि सोलापूरकडे वाढलेली गाडी, दोघींचं मॉडेल एकच असलं तरी भाव एक नसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून फुगतो आणि रंगाला फोड आणतो. बाहेर तुम्हाला चवलीएवढा फोड दिसतो, तेव्हा आत बहुतेक तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. शिवाय जुन्या गाड्यांच्या दाराला खालून पाणी निघायला भोकं असतात. ती मातीने बुजली की प्रत्येक पावसाळ्यात दार आतून तळ्यासारखं भरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. कॉन्टेसाला तशी वेगळी चासी नाही. प्रीमियर पद्मिनीचंही तसंच. जोडलेला पत्रा हाच गाडीचा सांगाडा. दाराखालचा रनिंग बोर्ड आणि तळाचा पत्रा सडला म्हणजे नुसती शोभा जात नाही, गाडीचं हाड जातं. अशी गाडी जॅकवर उचलली की दारं नीट लागत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा.

म्हणून गाडी बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवा. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. रनिंग बोर्ड, चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, सगळीकडे चुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. मग मॅट उचला, डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, बॅटरीच्या ट्रेखाली बघा. मालक हो म्हणाला तर तळाला स्क्रू ड्रायव्हरने टोचा. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. 'नुकताच कलर केलाय' हे वाक्य ऐकलं की चुंबक दोनदा फिरवायचा.

अमेरिकेत मस्टँगवाल्यांना हे दुखणं एवढं जड जात नाही. तिथे जुन्या मस्टँगचा जवळजवळ कुठलाही पत्रा नवीन मिळतो, काही मॉडेलची तर अख्खी नवी बॉडी तयार मिळते. आपल्याकडे कॉन्टेसाचा रनिंग बोर्ड कॅटलॉगमधून मागवता येत नाही. पत्रेवाला सडलेला भाग कापतो, साधा पत्रा घेऊन हातोडीने आणि लाकडी ठोकळ्यावर तो घडवतो, वेल्डिंग करतो, पुन्हा ठोकतो. हे काम दिवसांच्या हिशोबात चालतं. आणि गाडी खोलल्याशिवाय कोणताही प्रामाणिक पत्रेवाला पक्का आकडा सांगणार नाही. जो अंगणात उभ्या उभ्या सांगतो, तो सडक्यावर लांबी थापायचा भाव सांगतोय.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील. समजा गाडी १ लाखाला आली. पत्रा, रंग, क्रोम, सीट, इंजिन, टायर, काच मिळून अडीच वर्षांत ६ लाख लागले. तेवढे महिने गाडी ठेवायला शेड ३,००० रुपये महिन्याने, म्हणजे ९०,०००. पैसे हळूहळू अडकत गेले, म्हणून सरासरी साडेतीन लाख अडीच वर्षं अडकले असं धरा. ७ टक्क्यांनी व्याज ६१,२५० होतं. एकूण झाले ८,५१,२५०. गिऱ्हाईक मिळालं साडेसात लाखाचं, आणि सगळे मित्र म्हणाले, "एक लाखाची गाडी साडेसातला विकली, भारी!" प्रत्यक्षात १,०१,२५० रुपये खिशातून गेले. त्यात अडीच वर्षांचे तुमचे रविवार धरलेलेच नाहीत.

म्हणून चाकणच्या मित्राला माझं म्हणणं असं: साडेतीन लाख हे त्या गाडीच्या निम्म्या वाटेवर संपतील, आणि अर्धी खोललेली गाडी ही बाजारात सगळ्यात वाईट वस्तू. ती न खोललेल्या गाडीपेक्षाही स्वस्त जाते, कारण घेणाऱ्याला कळत नाही की कुठला नट कुठल्या डब्यात आहे. छंद करायचाच असेल तर वेगळं बँक खातं उघडा, महिन्याला जमेल ती रक्कम त्यात टाका आणि गाडीवर फक्त त्यातूनच खर्च करा. दुकानाच्या गल्ल्यातून, मालाच्या पैशातून एक रुपया नाही. खातं रिकामं झालं की काम थांबेल, घर थांबणार नाही.

पहिल्यांदाच करणार असाल तर थेट कॉन्टेसावर उडी मारू नका असं माझं मत आहे. चेतक घ्या. १९७२ पासून आपल्या आकुर्डीत बनलेली गाडी, पुण्यात गल्लीगल्लीत होती. तिचीही बॉडी पत्र्याचीच, फ्लोअर असाच सडतो, पण ती जिन्याखाली मावते, नाना पेठेत सामान मिळतं आणि चूक झाली तर चूक छोटी असते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारा. तिथे जाताना जुना पार्ट सोबत न्या, मोबाइलमधला फोटो चालत नाही. दोन मिलिमीटरच्या फरकाने घरी येऊन डोकं धरावं लागतं.

छोटे पार्ट घरी साफ करता येतात. नट-बोल्ट, ब्रॅकेट लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले की गंज सुटतो. नंतर धुऊन, पुसून लगेच तेल किंवा प्रायमर. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून करंटनेही गंज निघतो, पण त्यात हायड्रोजन वायू निघतो. म्हणून हे काम उघड्यावर करायचं, बंद खोलीत कधीच नाही. दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडाही लावायचा नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि पेट्रोलची टाकी 'रिकामी आहे' म्हणून कोणी तिला वेल्डिंग लावत असेल तर तिथून निघून या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

वेळापत्रक दिवाळीनंतर सुरू करा. रंग खरवडून उघडा केलेला पत्रा पुण्याच्या जूनमध्ये एका रात्रीत तांबडा होतो. मे संपायच्या आत सगळ्या अंगाला प्रायमर बसलाच पाहिजे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण यावर स्वतंत्र व्हिडिओ करणार आहे. आरसी नसेल तर गाडी कितीही गोंडस असो, ती भंगार आहे. आरसीवर जुन्या फायनान्सचा बोजा आहे का बघा, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१. नेहमीच्या ट्रान्सफरला २९ आणि ३०, नोंदणीच्या नूतनीकरणाला २५. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० आहे, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलाय तोच सडला असेल तर त्याला हात लावण्याआधी आरटीओत जा. एकदा कापला की सिद्ध काय करणार? इंजिन बदललं, रंग बदलला, तरी नोंद करावी लागते.

बरेच जण 'व्हिंटेज नंबर' घेऊ म्हणतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि बॉडी, चासी, इंजिनात मोठे बदल नकोत. पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ च्या आधी तिथे पोहोचत नाही. नव्या नोंदणीची फी २०,०००, आणि अशी गाडी रोज फिरवता येत नाही, धंद्याला तर अजिबात नाही. लग्नात भाड्याने लावू, हाही प्रश्न येतो. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी परमिटशिवाय भाड्याने चालवणं बेकायदा आहे. 'सगळेच करतात' हे इन्शुरन्सवाल्याला अपघातानंतर सांगून बघा.

मग यात धंदा नाहीच का? आहे, पण तो गाडीच्या आजूबाजूला आहे. आत्ता वाचलेला पत्र्याचा भाग परत आठवा. रिस्टोअर करणारा माणूस कुठे अडतो? काचेच्या रबर बीडिंगपाशी, दाराच्या खालच्या पत्र्यापाशी, वायरिंगच्या जुडग्यापाशी, मागच्या दिव्याच्या काचेपाशी. पैसे हातात घेऊन तो महिनोन् महिने फिरत असतो. आणि आपण कुठल्या शहरात बसलोय बघा! भोसरी, पिंपरी, चिंचवडला डायमेकर आहेत, रबर मोल्डिंगवाले आहेत, प्लेटिंगवाले आहेत. ऑटो कंपन्यांच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवून रिटायर झालेली आणि घरी कंटाळलेली माणसं आहेत. एवढं सगळं पंधरा किलोमीटरच्या आत देशात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

रबर बीडिंगचंच घ्या. एकदा डाय बनली की माल मीटरवर निघतो, कुरिअरने कोइमतूरलाही जातो आणि खराब होत नाही. पण डाय बनवायला धावू नका. आधी कॉन्टेसा, पद्मिनी, अँबेसेडर बाळगणाऱ्यांना फोन करा, आणि 'घेईन' म्हणणाऱ्यांची नुसती यादी करू नका, अर्धे पैसे ॲडव्हान्स मागा. डायचा खर्च ॲडव्हान्समधून निघाला तर ऑर्डर द्या. निघाला नाही तर ॲडव्हान्स परत करा. तुमचे गेले ते चार रविवार आणि फोनचं बिल.

यात एक गोष्ट मला फार आवडते. स्वतः एक गाडी खोललेला माणूसच सांगू शकतो की कुठला पार्ट खरंच मिळत नाही आणि कुठला नुसता शोधला नाही. तेव्हा चेतक आणाच. गंज खरवडताना जो पार्ट शोधायला तुम्हाला तीन महिने लागतील, त्याचं नाव आणि माप एका वहीत लिहून ठेवा. जुन्या बाजारात त्याच पार्टसाठी भेटलेल्या माणसांचे नंबरही त्याच पानावर लिहा.