आयरिश बैठकीतलं मँडोलिन

आयरिश संगीताच्या बैठकीत पहिल्यांदा मँडोलिन घेऊन बसणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते: आपलं वाजवणं फारसं कोणाला ऐकू जात नाही. टेबलाभोवती दोन-तीन फिडल, म्हणजे व्हायोलिनच, असतात, एखादी लाकडी बासरी, बटणांचं अकॉर्डियन, कधी कोपरानं भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स. सगळे मिळून एकच धून, एकाच वेळी, एकाच चालीनं वाजवत असतात. त्या भरगच्च आवाजात आठ बारीक तारांच्या या छोट्या वाद्याचा निभाव लागणं कठीण वाटतं. तरी गेली साठेक वर्षं मँडोलिन तिथे टिकून आहे, आणि माझ्या मते ते उपकारावर टिकलेलं नाही. धुनेचा प्रत्येक स्वर सुटा आणि रेखीव ऐकवणारं त्याच्याइतकं नेमकं वाद्य त्या टेबलावर दुसरं नसतं.

आयर्लंडमध्ये ज्याला 'सेशन' म्हणतात ती बैठक वाटते तितकी जुनी नाही. नाचाच्या धुना जुन्या आहेत, पण त्या वाजायच्या घराघरांत आणि चौरस्त्यांवरच्या नाचांत. १९३५च्या कायद्यानं सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा केला आणि घरगुती नाचांवर गदा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामावर राबायला लंडनला गेलेल्या आयरिश माणसांनी कॅमडेन टाउनसारख्या भागातल्या पबमध्ये एकत्र वाजवायला सुरुवात केली. स्लायगोचे फिडलवादक मायकल गोरमन आणि कॉर्कच्या गायिका मार्गारेट बॅरी ही त्या काळातली गाजलेली जोडी. इकडे मायदेशी १९५१ साली मलिंगर इथे पारंपरिक संगीताचा पहिला 'फ्ला' म्हणजे मोठा महोत्सव भरला, आणि पुढे पबमधल्या बैठका सगळीकडे पसरल्या.

बैठकीत वाजणारी धून बहुधा दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ मात्रागटांचा, आणि तो दोनदा वाजतो. असं बत्तीस गटांचं एक आवर्तन. दोन-तीन आवर्तनं झाली की सुरुवात करणारा नुसती मान वर करतो किंवा 'हप्' म्हणतो, आणि क्षणाचीही उसंत न घेता सगळे दुसऱ्या धुनेत शिरतात. 'जिग' तीन-तीनच्या तुकड्यांत चालते, म्हणून आपल्या कानाला ती दादऱ्याच्या जवळची वाटते. 'रील' चार-चारच्या वेगवान चालीची. नऊ मात्रांची 'स्लिप जिग' वेगळीच डुलते. कागद समोर ठेवून वाजवणं इथे रूढ नाही. फ्रान्सिस ओनील या शिकागोच्या पोलीस प्रमुखानं १९०३ साली १८५० आयरिश धुनांचा संग्रह छापला, त्याचा आधार आजही घेतला जातो. पण बैठकीत यायचं तर धून कानानं शिकूनच.

मँडोलिनला इथे दार उघडलं ते त्याच्या जुळणीमुळे. तारांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात लावलेली: जी, डी, ए, ई. फिडलची जुळणी हीच. त्यामुळे शेकडो वर्षं फिडलवर घडलेल्या धुना मँडोलिनच्या पडद्यांवर बोटांना आपोआप सापडतात. डी आणि जी या बैठकीतल्या लाडक्या पट्ट्यांमध्ये मोकळ्या तारा सतत कामी येतात. बासरी आणि पाइप्स खाली डीपर्यंतच जातात, म्हणून कित्येक धुनांत सगळ्यात जाड जोडीला हातही लावावा लागत नाही.

डाव्या हाताचं काम असं सोपं होतं. सगळी कसोटी उजव्या हाताची. मँडोलिन म्हटलं की मराठी माणसाच्या कानात हिंदी चित्रपटगीतांतलं ते थरथरतं वाजणं येतं, नखी झरझर वरखाली करून लांबवलेला स्वर. आपल्या लक्ष्मीकांत कुडाळकरांनी संगीतकार होण्याआधी मुंबईच्या वाद्यवृंदांत मँडोलिनच वाजवलं. सज्जाद हुसेन यांनी तर याच पडद्यांवर मींड काढून राग वाजवले. आयरिश जिग-रीलमध्ये ती थरथर जवळपास नसते. स्वर एकदाच छेडायचा, तो आपल्या जागी नेमका पडायला हवा, आणि पुढच्या स्वरावर जायचं.

जिग वाजवताना नखी खाली-वर-खाली, पुन्हा खाली-वर-खाली अशी चालते. तिसरा आणि चौथा आघात दोन्ही खालच्या दिशेनं येतात, म्हणजे मनगटाला मध्ये रिकाम्या हातानं वर यावं लागतं. शिकणाऱ्याला हे जाचक वाटतं आणि तो सरळ वरखाली सुरू करतो. मग चौथी मात्रा वरच्या हलक्या आघातावर येते, जिगची चाल सपाट होते आणि नाचणाऱ्याच्या पायाला जोर मिळत नाही. रीलमध्ये वरखाली सरळ चालतं, पण तिथे 'ट्रेबल' आहे. दोन स्वरांच्या जागेत एकाच स्वरावर तीन झटपट आघात घालायचे. फिडलवाला हे गजाच्या एका झटक्यानं करतो. मँडोलिनवाल्याला नखीचं जेमतेम टोक तारेवर ठेवून, मनगट ढिलं सोडून ते साधावं लागतं. मूठ आवळली की तिन्ही आघात एकमेकांत अडकतात.

वाद्याच्या बांधणीचाही यात मोठा वाटा आहे. मँडोलिन मूळचं इटलीचं. नेपल्सच्या विनाचा घराण्यानं अठराव्या शतकात त्याला आजचा तोंडवळा दिला. ते जुनं गोल पाठीचं वाद्य मांडीवरून घसरतं. अमेरिकेत कॅलमाझूच्या ऑर्व्हिल गिब्सननं व्हायोलिनसारखी कोरलेली तबली वापरून वाद्य बनवलं आणि १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. १९२२पासून गिब्सन कंपनीत लॉइड लोअरच्या देखरेखीखाली बनलेली एफ-५ मँडोलिनं पुढे बिल मन्रोच्या हातात ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताची ओळख झाली. त्यांचा आवाज टणक आणि आखूड असतो. आयरिश वादकांचा कल बहुधा गोल किंवा लंबगोल छिद्राच्या वाद्याकडे असतो, कारण त्यात स्वर किंचित रेंगाळतो आणि धून तुटक वाटत नाही. डब्लिनचे जो फोली आणि इंग्लंडात नॉर्थम्बरलँडचे स्टेफन सोबेल या कारागिरांच्या वाद्यांना या वर्तुळात मोठा मान आहे.

आवाज कमी पडतो तेव्हा जोर वाढवणं हा उपाय नव्हे; त्यानं स्वर फाटतो. जाड नखी वापरावी, वाद्याची पाठ पोटाला न टेकवता जरा पुढे धरावी म्हणजे लाकूड मोकळं घुमतं, आणि अकॉर्डियनशेजारी न बसता फिडलशेजारी जागा धरावी.

ज्यांना मोठा आवाजच हवा ते टेनर बँजोकडे वळले. 'द डब्लिनर्स' या १९६२ साली स्थापन झालेल्या गटातल्या बार्नी मॅकेना यांनी फिडलपेक्षा एक सप्तक खाली लावलेली बँजोची जुळणी लोकप्रिय केली. तेव्हापासून एकच वादक दोन्ही वाद्यं हाताळतो हे सर्रास दिसतं. मॅकेना स्वतः मँडोलिनही वाजवत. लिमरिकचे मिक मलोनी १९७३ साली अमेरिकेला गेले; बँजो आणि मँडोलिन वाजवणं, शिकवणं आणि स्थलांतरित आयरिशांची गाणी गोळा करणं यात त्यांनी आयुष्य घातलं. २०२२ साली ते गेले.

पण मँडोलिनला धुनेपलीकडचं काम दिलं ते अँडी अर्व्हाइन यांनी. 'स्वीनीज मेन' या १९६६च्या गटात जॉनी मोइनिहन बुझुकी हे लांब मानेचं ग्रीक तंतुवाद्य घेऊन आले आणि त्या दोघांनी एकाच्या सुरावटीभोवती दुसऱ्याची सुरावट गुंफायला सुरुवात केली. १९७२ साली निघालेल्या 'प्लँक्सटी'त डोनल लनी यांच्या बुझुकीसोबत अर्व्हाइन यांनी हीच रीत परिपक्व केली. आयरिश संगीतात तंतुवाद्यांची जी साथ आज स्वाभाविक वाटते तिची घडण इथली. माझ्या लेखी त्या दशकातली आयरिश संगीताची ही सगळ्यात मोठी कमाई आहे.

बैठकीचे नियम कोणी लिहून दिलेले नाहीत, पण ते कडक आहेत. येत नसलेली धून चाचपडत वाजवायची नाही, गप्प बसून ऐकायची. जागा विचारून घ्यायची. दोन धुनांच्या मध्ये उगाच तारा छेडत राहायचं नाही. मँडोलिनच्या हळू आवाजाचा इथे नवख्याला फायदाच होतो: निम्मी कळलेली धून तो कोणालाही त्रास न देता अगदी हलक्या हातानं पडताळून पाहू शकतो. अकॉर्डियनवाल्याला ही सोय नाही.

या जागा लोकांनी जपल्याही आहेत. डब्लिनच्या स्मिथफील्डमधला 'द कॉबलस्टोन' हा पब बैठकांसाठी ओळखला जातो. तिथे हॉटेल उभारण्याची योजना आली तेव्हा २०२१ साली वादक वाद्यांसह रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली.

आज नोकरी-शिक्षणाच्या निमित्तानं बरीच मराठी मंडळी डब्लिन, कॉर्क, लिमरिकला राहतात. त्यांनी एखाद्या संध्याकाळी अशा बैठकीला जरूर जावं. घरात मँडोलिन पडून असेल तर 'केश जिग'पासून सुरुवात करावी, कारण ती बहुतेक सगळ्यांना येते. आणि आयर्लंडला जाणं नसेल, तर अँडी अर्व्हाइन आणि पॉल ब्रेडी यांची १९७६ची ध्वनिमुद्रिका मिळवून निवांत ऐकावी.