फाइल-पथ, प्रकारबद्ध
फाइल-पथ, प्रकारबद्ध : संगणकातील एखादी फाइल कोठे आहे हे दर्शविणाऱ्या नाममालिकेस फाइल-पथ म्हणतात. असा पथ केवळ अक्षरांची माला न मानता त्याचे स्वरूप संगणकभाषेच्या प्रकार-व्यवस्थेत नोंदविले, म्हणजे तो प्रकारबद्ध होतो. हॅस्केलसारख्या फलनात्मक भाषांत ही रीत विशेष सोयीची ठरते.

पथाचे निरपेक्ष व सापेक्ष असे दोन भेद आहेत. मुळापासून आरंभ होणारा पथ निरपेक्ष, तर दिलेल्या फोल्डरपासून मोजला जाणारा सापेक्ष होय. समजा, वेरूळच्या कैलास लेण्याचे एक छायाचित्र ‘/संग्रह/औरंगाबाद/वेरूळ/लेणे-१६/शिखर’ येथे ठेवले आहे. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यानुसार फोल्डरचे नाव बदलल्यास त्यातून जाणारे सर्व निरपेक्ष पथ निरुपयोगी होतात. ‘वेरूळ/लेणे-१६/शिखर’ हा त्या फोल्डरपासूनचा सापेक्ष पथ मात्र अबाधित राहतो. शिवाय नव्या नावात मोकळी जागा असल्याने, अवतरणचिन्हांवाचून दिलेल्या आज्ञेत त्याची दोन नावे होतात. ती आज्ञा पुसून टाकण्याची असेल, तर भलताच फोल्डर नष्ट होण्याचा संभव असतो.

पथांच्या जोडणीतही असाच धोका असतो. पायथनसह अनेक भाषांत ‘/संग्रह’ या पथास ‘/नकाशे’ हा निरपेक्ष पथ जोडल्यास पहिला भाग निमूटपणे गळून पडतो व केवळ ‘/नकाशे’ उरतो. ‘..’ हे चिन्ह वरच्या फोल्डरात नेते. बाहेरून आलेल्या नावात ते दडलेले असल्यास नेमून दिलेल्या फोल्डरबाहेरील फाइलींवर घाला पडू शकतो. २०१८ मध्ये उजेडात आलेला, ‘झिप स्लिप’ या नावाने ओळखला जाणारा दोष याच जातीचा होता.

प्रकारबद्ध पद्धतीत प्रत्येक पथाबरोबर दोन खुणा असतात : तो निरपेक्ष की सापेक्ष, आणि फाइलीचा की फोल्डरचा. या खुणांना आज्ञावली चालू असताना कोणतेही मूल्य नसते; म्हणून त्यांना छायाप्रकार म्हणता येईल. जोडणीचे फलन डावीकडे फोल्डर व उजवीकडे सापेक्ष पथच स्वीकारते. फाइलीस काही जोडण्याचा किंवा फोल्डरास निरपेक्ष पथ जोडण्याचा प्रयत्न कंपायलर आधीच नाकारतो. बाहेरून आलेली अक्षरमाला प्रवेशद्वारीच तपासली जाते; तपासणीतून एक तर विशिष्ट प्रकारचा पथ मिळतो किंवा अपयश नोंदले जाते. हॅस्केलच्या ‘पाथ’ या फलनसंग्रहात ‘..’ असलेले पथ याच टप्प्यावर अग्राह्य ठरतात. त्यामुळे पुढे प्रत्येक ठिकाणी तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रकार पथाच्या घडणीची हमी देतो. फाइल अस्तित्वात असल्याची नव्हे. एखादी सांकेतिक जोडणी, निर्दोष दिसणाऱ्या पथावरूनही, दुसरीकडेच नेऊ शकते. देवनागरी नावांत आणखी एक अडचण संभवते : ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात. परंतु लिनक्ससारख्या प्रणालीत ती सामान्यतः भिन्न समजली जातात. म्हणून प्रकारांच्या जोडीला नावांचे एकरूपीकरण व प्रत्यक्ष वापराच्या वेळची तपासणी आवश्यक असते.