सातव्या महिन्याचा ब्रेक

भोसरी-चाकण पट्ट्यात ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला सातव्या महिन्यात ब्रेक मिळतो. गेटपास जमा करायचा आणि घरी जायचं. कारण 240 चा आकडा. बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले की 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षभराची सलग नोकरी धरली जाई, आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार टेम्पररी कामगार परमनंटचा हक्क सांगू शके. तो हक्क उभाच राहू नये, यासाठी ही रीत.

मी मशीन शॉपचा सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. सीएनसीवर बटण दाबायला पोरगं दोन दिवसांत शिकतं. पण बोअरिंग करताना इन्सर्ट झिजू लागला की कापण्याचा आवाज बदलतो, ते ओळखून ऑफसेट द्यायला काही महिने जातात. नवखा जागा होतो तो मापाचा गेज अडकल्यावर. तोवर ट्रेमध्ये खराब जॉब साचलेले. आणि कान तयार झाला रे झाला, की एचआरची ब्रेकची यादी यायची! मग माझा सेटर पुन्हा नव्या पोरामागे उभा, त्याचं स्वतःचं काम पडून.

हे नुकसान कुठल्याच वहीत ब्रेकच्या नावावर चढत नाही. रिजेक्शन क्वालिटीच्या खात्यात, बंद मशीन मेंटेनन्सच्या माथी. मजुरीतली बचत तेवढी ठळक दिसते.

पोरगं शेजारच्या कंपनीत जातंच की, कसब पट्ट्यातच राहतं, असं काही जण म्हणतात. मी पाहिलं ते वेगळं. बोअरिंग शिकलेला तळेगावात पॅकिंगला लागतो, तिथून रांजणगावात वेल्डरचा हेल्पर. दर वेळी श्रीगणेशा, आणि पगारही हेल्परचाच.

मालकाची अडचण खोटी नाही. दिवाळीआधी गाड्यांचं शेड्यूल फुगतं, नंतर बसतं. तेवढ्यापुरती माणसं लागणारच. पण देशाच्या संघटित कारखान्यांत 2000 च्या सुमारास पाचांतला एक कामगार ठेक्यावरचा होता, 2022-23 मध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांवर गेलं. दिवाळी काही एवढी वाढलेली नाही.

जुन्या कायद्यांच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, कंपनीनं स्वतः ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी मिळते. तेव्हा घरातलं पोर एमआयडीसीत लागत असेल, तर नेमणूकपत्र कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, आणि मुदत किती, हे सही करण्याआधी वाचून घ्या.