सहा इंचांत जोडाक्षर

मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. कोरलेल्या रेषेला पिक्सेल नसतात. ई-रीडरला असतात, आणि मराठी वाचकाने खरेदीआधी तेच पाहावेत.

२००७ सालच्या पहिल्या किंडलचा पडदा सहा इंची होता (हे माप कर्णाचे, टीव्हीसारखेच) आणि एका इंचात ठिपके होते १६७. इंग्रजीचे त्यावर भागले. पण ‘राष्ट्रीय’ घ्या. दहा पॉइंटच्या टायपात वेलांटीपासून तळापर्यंत जेमतेम २३ ठिपके वाट्याला येतात. ‘ष्ट्र’ची पार गिचमिड होते. आजच्या ३०० ठिपक्यांच्या पडद्यावर तेच ४२ होतात. हातातल्या अंतरावरून निरोगी डोळ्याला त्याहून बारीक ठिपका सहसा सुटा दिसत नाही, म्हणून पुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

खरी गोम आहे स्कॅन केलेल्या पीडीएफची. वाईत घडलेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मजकूर म्हणून आहे, त्याची अक्षरे वाढवता येतात. स्कॅनमध्ये मात्र अख्खे पानच आक्रसते. ए-फोर पान सहा इंची पडद्यावर निम्म्याहून लहान होते. बारा पॉइंटचा टाइप पाचावर येतो. १०.३ इंची पडद्यावर तो नवावर राहतो, इंचाला ठिपके २२७च असले तरी. (भिलारच्या पुस्तकांच्या गावात हा हिशेब करावाच लागत नाही!)

कथा-कादंबऱ्यांना सहा-सात इंच पुरेत. अभ्यासाच्या पीडीएफ असतील तर दहाच्या खाली जाऊ नका, आणि पैसे देण्याआधी आपलीच एक फाइल त्यावर उघडून पाहा.